पहिल्या वाकळीचं सामान

चारठाणा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७५

चि. सौ. कमल हिस थोरल्या अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडं माहेरी दिनकरदादा, वहिनी खुशाल. तूर फुलावर आहे, थंडी लय पडली. दुपारी देवळाच्या जुन्या फरशीवर उन्हात शिवायला बसते. प्रौढांच्या वर्गातल्या बाईंनी अक्षर वळवून दिलं, म्हणून पहिल्यांदाच माझ्या हातानं लिहायलेय. चुकलं तर सांभाळून घे.

तुला सातवा लागला, वाचून बरं वाटलं.

बाळाची वाकळ शिवायला काय काय लागतं, असं विचारलंस. जास्त काही लागत नाही. सुया दोन, एक लांब, एक बारीक. दाभण नको, मऊ कापडाला भोकं पडतात. दोरा पांढरा घे, पण आधी ओढून बघ. मेणावरून फिरवला की गुंतत नाही. बोटाला अंगुस्तान लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी भाकरी थापवत नाही. कातर धारेची हवी. कापड नवं घेऊ नको, खळ टोचते. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं नाहीतर धोतर बघ. सारवलेल्या भुईवर अंथर, चारी कोपऱ्यांवर दगड ठेव. कडेपासून टाके घालत मधी ये. पहिले वाकडे पडतील. उसवू नको.

कातर आणि सुयांची डबी घरात सापडत नाही म्हणतेस. दोन्ही माझ्याजवळ आहेत. घर सोडलं त्या दिवशी मुद्दाम उचलल्या. इथं सांगितलं, माहेरची चीज होती. खोटं सांगितलं. तुझ्या हातून त्या घरात काही शिवलं जाऊ नये, एवढंच मनात होतं.

तुझं मालकांशी लग्न झालं तेव्हा वालूर सगळं म्हणालं, थोरलीनं आपल्या हातानं सवत आणली, केवढं मन. मी आणली नव्हती. मी फक्त नाही म्हटलं नव्हतं.

तुला कुणी सांगितलं नसेल, मला मुलगी झाली होती. पोलीस ॲक्शनच्या आधल्या वर्षी. एकोणीस दिवस होती. ताप चढला, डॉक्टर सेलूला, आणि रझाकारांच्या भीतीनं कुणी गाडी जुंपेना. तिच्यासाठी मी सातव्या महिन्यातच एक छोटी वाकळ शिवून ठेवली होती. सासूबाई म्हणाल्या, "जन्मायच्या आधी शिवलीस. तुज्या सुईनं पोर नेली." मला ते खरं वाटलं.

ती वाकळ मी पेटीच्या तळाशी ठेवली होती. तू नवी, तुला काय माहीत. चिंधी समजून काढलीस आणि ती धरून चुलीवरचं भगुनं उतरवलंस. मी तुझ्या तोंडात मारली. "अक्का, मी काय केलं?" म्हणून तू विचारत राहिलीस. मी सकाळी निघून आले.

तू काही केलं नव्हतंस, कमल.

आता सासूबाई तुलाही तेच सांगायल्यात, असं तुझ्या पत्रात आहे. उलटून बोलू नको, पण शीव. गेल्या हिवाळ्यात वहिनीनं तिच्या बाळासाठी माझ्याकडं हट्ट धरला. मी न्हाई म्हटलं, ती ऐकेना. भीत भीत शिवली. एकेका टाक्याला देवाचं नाव घेतलं. तिचा भुजंग आता रांगत उंबरा ओलांडतो. त्यानं तो पहिल्यांदा ओलांडला त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले. माझी पोर तापानं गेली. सुईनं नाही. सहा वर्षांनी मला हे पटलं.

डबी, कातर आणि अंगुस्तान इथल्या मल्हारीजवळ दिलंय. तो शेळ्या घेऊन वालूरच्या बाजाराला येणार आहे.

"मला आई नाही, बाळंतपणाला या," असं शेवटी लिहिलंस. त्या एका ओळीपायी हे पत्र चार दिवस लांबलं. लोक काय म्हणतील, माझी सावली पडली असं म्हणतील का, हेच घोकत होते.

नववा लागला की मालकांना गाडी पाठवायला सांग. नाही पाठवली तरी मी येईन. तुझ्या उशाशी बसेन. बाळाला आपणहून मागणार नाही. तू हातात दिलंस तर घेईन.

तुझ्यावर हात उचललेली,
नर्मदा