मोटारीला दिलेलं आवतण

बाबा, तुम्हाला मोटार चालवता येत नव्हती, आणि मोटार कशी चालवावी याबद्दल तुमच्याइतकी मतं मी दुसऱ्या कुणाची ऐकली नाहीत. आज आठवायला बसले तर एकामागून एक येत आहेत. मोटार हाकताना गाणं म्हणू नये, तिला वाटतं आपल्याशीच बोलतोय. चढावर तिच्याशी बोलावं, उतारावर गप्प बसावं. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की थांबून रामराम करावा. नुसता भोंगा वाजवून पुढे जाणं म्हणजे ओळख असून तोंड फिरवणं. वाटेत विहीर लागली तर आधी मोटारीला पाणी, मग आपण. यातलं शेवटचं मत दादालाही मान्य होतं, कारण आपली मोटार फार लवकर तापायची. बाकीची तो ऐकून घ्यायचा आणि आपल्या मनासारखी चालवायचा. तो अकोल्याला राहून मोटार चालवायला शिकून आला होता. तुम्ही त्याच्या शेजारी बसायचात, पाय खाली दाबून, जणू तिकडेही एक ब्रेक आहे.

त्याआधी तुमची दमणी होती, माणसं नेण्याची हलकी बैलगाडी. वाशीमच्या स्टेशनावर जैन यात्रेकरू उतरत आणि तुम्ही त्यांना शिरपूरच्या देवळापर्यंत पोचवत होतात. लांबून आलेली माणसं, त्यांना आपली भाषा येत नसे. तुम्ही त्यांच्याशी आणि बैलांशी एकाच सुरात बोलायचात आणि दोघांनाही सगळं समजायचं. मग त्याच रस्त्यावर सर्व्हिस मोटार सुरू झाली. पहिल्या वर्षी यात्रेकरू तिला हसले, दुसऱ्या वर्षी तिच्यात बसले. तुम्ही रिकामी दमणी घेऊन परत येऊ लागलात. मोटारीला तुम्ही कधी वाईट बोलला नाहीत. एवढंच म्हणायचात की तो ड्रायव्हर मागे वळून पाहत नाही, माणसं बसली आहेत की पडली, त्याला काय कळणार.

वाशीमच्या एका कापसाच्या जिनवाल्याने नवी मोटार घेतली आणि जुनी आवारात उभी करून ठेवली, ती तुम्ही पाहिलीत. तिच्यात कोंबड्या बसायच्या. दादा सांगायचा, तुम्ही बाजारात बैल पाहावा तसे तिच्याभोवती फिरलात, चाकं दाबून पाहिलीत, मग पुढचं झाकण उघडायला लावून बराच वेळ आत पाहत राहिलात आणि म्हणालात, वय झालं हाये पन दात मजबूत हायेत. त्या वर्षी कापूस चांगला झाला होता. दमणी गेली, कापसाचे पैसे गेले, आणि मोटार आली. शेतापुरती बैलजोडी मात्र तुम्ही ठेवलीत.

खर्चाबद्दल आईचं एकच मत होतं: पैसा डोक्यावर घालावा. म्हणजे छपरावर. तिला धाब्याचं मातीचं छत काढून वर टिनाचे पत्रे हवे होते. तुमचं मत उलटं. जे जागेवर उभं आहे त्यावर खर्च कशाला, ते कुठे पळून चाललंय. खर्च करावा तो चालणाऱ्या वस्तूवर. स्वतःसाठी तुम्ही साधी छत्री घेतली नाहीत, पावसात पोत्याची खोळ घेऊन हिंडायचात, आणि बैलांच्या गळ्यात कारंज्याच्या बाजारातून आणलेल्या पितळी घागरमाळा. मोटार आली त्या पावसाळ्यात घर गळायला लागलं की आई भांडी मांडत मांडत म्हणायची, जा, तुमी मोटारीत निजा. पेट्रोलचा डबा पाहिला की तिचा पुन्हा हिशेब सुरू व्हायचा. "बैल खाते तं शेन तरी देते. हे तेल पेते अन् धूर देते." तुम्ही हसायचात. ती बरोबर बोलत आहे हे तुम्हाला माहीत असे, आणि त्यामुळे काहीच बदलणार नाही हेही.

एका खर्चावर मात्र तुम्ही दोघं कधी भांडला नाहीत. माझी शाळा. वाशीमला मावशीकडे ठेवून तुम्ही मला सातवीपर्यंत शिकवलंत. पुढे अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत अर्ज केला, तर जागा भरल्या म्हणून उत्तर आलं. दिवाळीनंतर स्थळं पाहायची असं घरात ठरत होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण ठरत होतं. मी शेतात निंदायला जात होते आणि रात्री जुनी पुस्तकं पुन्हा वाचत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांचे खांदे मळत आहात. हळद आणि तूप, पळसाचं पान. जू घासून खांदा निबर होतो, त्या जागी तुम्ही हात हळू फिरवता. मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणता, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे मी दर वर्षी पाहिलं होतं. त्या वर्षी वाटीत थोडी हळद उरली. तुम्ही वाटीकडे पाहिलंत, मग आंगणातल्या मोटारीकडे. दादाच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, बाबा, रंग खराब होते. तोवर तुम्ही पुढच्या चाकांवरच्या दोन्ही पत्र्यांवर हळद-तूप चोळायला लागला होतात. खांदे तेच, तुम्ही म्हणालात, आणखी कुठे असणार. शेजारपाजारची माणसं कुडावरून पाहत होती. तुम्ही झाकणाशी वाकलात आणि तेच शब्द म्हणालात, तितक्याच हळू. आई उंबऱ्यावर बसली होती. मोटार आल्यापासून मोटारीच्या बाबतीत ती पहिल्यांदा हसली, पदर तोंडाशी धरून, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरच्या पोस्टातून माणूस तार घेऊन आला. ट्रेनिंग शाळेत एक मुलगी सोडून गेली होती. जागा रिकामी होती. उद्या दुपारपर्यंत हजर व्हावं, नाहीतर पुढच्या मुलीला बोलावण्यात येईल. अमरावतीसाठी अकोल्याकडे जाणारी आगगाडी वाशीमहून संध्याकाळी होती. सर्व्हिस मोटार केव्हाच निघून गेली होती. आणि पोळ्याच्या दिवशी जिल्ह्यात कुणी बैल जुंपत नाही. कुणाकडे मागणंसुद्धा शोभत नाही.

दादा म्हणाला, त्यात काय, मोटार काढतो. मी पेटी भरायला घेतली. तुम्ही मात्र खांबाला टेकून उभे राहिलात.

"तिले आवतन देल्लं हाये," तुम्ही म्हणालात.

"बाबा, ते लोखंड हाये."

"मंग काल काहून नाई बोलला? काल तं हासत होता उभा राहून."

तुम्ही काही अडाणी नव्हता. मोटार रागावेल असं तुम्हाला वाटत नव्हतं. पण जेवायला बोलावलेल्याला त्याच दिवशी कामाला लावणं तुम्ही कधी केलं नव्हतं, आणि बोलावलं तर तुम्हीच होतं, सगळ्या गल्लीसमोर. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात आणि मोटारीकडे पाहत होतात. तुमची अशी अडचण मी आधी पाहिली नव्हती. मी पेटीवर बसले. मी काही म्हटलं असतं तर तुम्ही लगेच ऐकलं असतं, आणि तेच मला नको होतं.

आई चुलीपासून उठून बाहेर आली, पुरणाचे हात तसेच.

"पोयाले बैल घरी ठेवता का नेता?"

"नेतो."

"कसे नेता?"

"सजवून नेतो. कासरा धरून."

"मंग हिले बी तसंच न्या. वाशीमपावतर न्या, कोन नाई म्हनते?"

"अन् ओझं? पोयाच्या दिवशी ओझं घालाव का तिच्यावर?"

"पेटी घ्या तुमी डोक्यावर," आई म्हणाली. "पोरगी माही ओझं नोय."

एवढं बोलून ती पुन्हा आत गेली. पुरण लागत होतं.

त्यानंतर आंगणात जी धांदल उडाली ती मला आजही दिसते. झाकणावर बैलाची झूल. दिव्यांना बेगड. घागरमाळ बांधायला गळा सापडेना, ती शेवटी पुढच्या आडव्या दांडीला बांधली. आईने पुरणाची पोळी आणून जिथून मोटारीला पाणी घालत, त्या तोंडापुढे धरली, आणि मग ती पोळी दादाने खाल्ली, कारण मोटारीतर्फे कुणीतरी खायला हवी होती. तुम्ही धुवट धोतर नेसलात, फेटा बांधलात, डोक्यावर पेटी घेतलीत, कासरा मोटारीला बांधला आणि पुढे चालू लागलात. मागून दादा मोटार चालवत होता, माणसाच्या पावलाने. मी आत एकटी बसले होते. लग्नातसुद्धा मला इतक्या माणसांनी पाहिलं नाही.

गावाच्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागी, तोरण बांधणं चाललं होतं. दोघंजण शिडीवर होते. बैल यायला अजून वेळ होता. मोटारीचं टप उंच, म्हणून त्यांना तोरण वर उचलून धरावं लागलं. वरून एकाने विचारलं, शिंगं कुठं हायेत याचे? तुम्ही मान वर केली नाहीत, पेटी होती. तुम्ही म्हणालात की अजून लहान आहे, फुटतील. मग सगळे हसले, आणि त्यातलाच एक खाली उतरून मोटारीच्या पाया पडला. तो थट्टा करत होता की नाही, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

नाला ओलांडेपर्यंत तुम्ही तसेच चाललात. पावलाच्या चालीने मोटार तापली, वाफ निघू लागली. दादाने सांगितलं की असं गेलं तर अमरावती राहिली, वाटेवरचं मालेगावसुद्धा गाठणार नाही. तेव्हा तुम्ही कासऱ्याची गुंडाळी केलीत आणि आत बसलात. पेटी खाली ठेवली नाहीत. मांडीवर घेतलीत. मोटारीने वेग धरला, घागरमाळ वाजू लागली, आणि तुम्ही कासरा हातात घट्ट धरून समोर पाहत होतात. उतारावर, स्वतःचंच मत विसरून, तुम्ही तिला हो, हो रे, म्हणालात.

वाटेतल्या प्रत्येक गावात बैल सजून रस्त्यावर आले होते. एका वाडीपाशी बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. सजलेली मोटार पाहून त्यांनी ती सरळ थांबवली. दारापुढे आलेल्या बैलाचे पाय धुतात तशी त्यांनी चाकं धुतली. चारही. दिव्यांना कुंकू लावलं. एका म्हातारीने मोटारीची जात कोणती म्हणून विचारलं. "सायबाची," तुम्ही म्हणालात, "पन वळन आपलं हाये." ती मान डोलावून गेली. मग दुसरी आली, तिच्या ताटात पोळी होती, तिला नाही म्हणणं तुम्हाला जमलं नाही. दादा उन्हाकडे पाहत होता. सावल्या लांबत होत्या. पुढच्या वाडीतही बायका दिसू लागल्या होत्या.

आपण पोचलो तेव्हा गाडी स्टेशनात उभी होती आणि इंजिन पाणी घेत होतं. टांगेवाले मोटारीभोवती जमले. तुम्ही पेटी डोक्यावर घेऊन धावत होतात, फेटा सुटून खांद्यावर आला होता, कुंकू कसं कोण जाणे तुमच्याही कपाळाला लागलं होतं. बायकांच्या डब्यात पेटी सरकवून तुम्ही खिडकीशी उभे राहिलात. नीट अभ्यास कर, असं काही म्हणाला नाहीत. म्हणालात, "तिथं कोनी जेवाले बलावलं तं नाई म्हनू नोको." मी नाही म्हटलं नाही. अमरावतीला नाही आणि नंतर जिथे जिथे बदली झाली तिथेही नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं, दादाने मोटार विकली. त्या पैशांत माझ्या पगाराची भर पडली आणि आईचे पत्रे आले. पहिल्याच पावसात त्यांचा इतका आवाज झाला की घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. तुम्ही खूश झालात. म्हणालात, आता कितीही मतं दिली तरी कोणी अडवणार नाही. आणि खरोखर पाऊस थांबेपर्यंत बोलत बसलात. आई तुमचे हलणारे ओठ पाहून हसत होती. तुम्ही गेलात त्यानंतरही कितीतरी वर्षं ती हे सांगायची.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहिताना हात मोकळा आहे. एक गोष्ट मी अमरावतीहून लिहिलेल्या कुठल्याच पत्रात घातली नाही. त्या वाडीत बायका चाकांवर पाणी घालत होत्या, तुम्ही पेटी मांडीवर धरून म्हातारीशी बोलत होतात, आणि मला वाटलं, गाडी चुकली तरी चालेल. जागा जाईल हे मला कळत होतं. दिवाळीनंतर काय होणार हेही. तरी वाटलं की हे असंच चालू राहावं, पुढच्या वाडीत, त्याच्या पुढच्या वाडीत, कुठे पोचायचंच नाही. तेवढ्यात तुम्ही मागे वळलात आणि विचारलंत, घाई हाये का माय? मी हो म्हटलं. तुम्ही लगेच बायकांना हात जोडलेत आणि दादाला म्हणालात, चाल, आता कोठंच थांबू नोको. मला घाई नव्हती, बाबा.