रूआचा क्रोनॉन

१२ मार्च
रूआने आजही पान्हा चोरला. माझी नेन्सा देवाघरी गेल्यापासून हेच. बादलीच्या तळाला जेमतेम पांढरं. मुलगा गॉलवेहून येऊन सांगून गेला, "बाबा, सोमवारी बाजार आहे. विकून टाका." नेन्साची गाय! पण ती आटली, तर ठेवू कशाच्या जोरावर?

१३ मार्च
शेजारची बार्ब्रा म्हणाली, "नेन्साचा एप्रन बांध. वासाला फसेल." बांधला. रूआने तो प्रेमाने चाटला — आणि बादलीला लाथ! दगडी बांधापलीकडून बार्ब्रा ओरडली, "कमरेत सैल होतोय गं बाई, जरा आत घे!"
हसलो. नेन्सा गेल्यावर पहिल्यांदाच.

१५ मार्च
बार्ब्राला आज आठवलं. "अरे खुळ्या, धार काढताना नेन्सा क्रोनॉन करायची ना!"
खरंच की. तोंड मिटून, गळ्यातल्या गळ्यात गुणगुणायची. इतकी वर्षं ऐकलं की ऐकू येणंच थांबलं होतं.
शेगडीपाशी मांजर करते तो क्रोनॉन. रानातल्या मधमाश्यांचा तो क्रोनॉन. बाळ निजवणाऱ्या आईचाही तोच. शब्द आला कुठून? मास्तरांना विचारलं. म्हणाले, मिटल्या ओठांच्या आवाजावरूनच पडला असावा, पण खात्री नाही. बार्ब्रा म्हणाली, "त्यांना कशाला विचारतोस? माझ्या मांजरीने दिलाय."
पण मी करायचा? मी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवतो.

१६ मार्च
गोठ्याचं दार लावून घेतलं. कपाळ रूआच्या कुशीला टेकवलं. नेन्साची चाल आठवून सुरू केलं — घोगरं, मोडकं. रूआने एक कान मागे वळवला. आणि पान्हा सोडला! बादलीत फेस वर आला. मी हसत होतो, डोळेही गळत होते — चाल मात्र सोडली नाही.
बाजार रद्द!

१७ मार्च
सणाचं म्हणून बार्ब्राकडे किटलीभर दूध नेलं. तिने काल दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं.
"नेन्साची चाल जमली म्हणायची," मी म्हणालो.
"नेन्साची?" ती बघतच राहिली. "कोलमन, लग्नाआधी तू तिच्या बापाच्या होडीला डांबर लावत होतास ना, तेव्हा दिवसभर हीच चाल असायची तुझ्या गळ्यात. तिने तुझीच उचलली!"