पलंगावर मांडलेली पलटण

ती. ग्वाल्तिएरोदादा यांस,

आरेत्सोहून धाकट्या चुलतभावाचा, ओत्तोरीनोचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? इतकी वर्षं सलूनमध्ये उभं राहून लोकांची डोकी सांभाळलीत, आता गुडघे सांभाळा. वहिनींचा खोकला थांबला असावा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, निदान जिवंत आहेत, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला आहे.

माझा टोप्यांचा नाद तुम्हांला ठाऊकच आहे. जुन्या पोलिसांची, जुन्या पलटणीची, कुठलीही बाजारात दिसली की घेतली. (फियोरेन्झा म्हणते, डोकं एकच, तेही रिकामं, आणि टोप्या कपाटभर. बायको आहे, बोलायचीच.) रविवारी कपाटात कसर दिसली. टोप्यांना ऊन दाखवायला हवं. आमच्या घरात सकाळचं ऊन येतं ते फक्त सासूबाईंच्या पलंगावर, आणि त्या, झेलिंदाबाई, चर्चमध्ये गेलेल्या. म्हणून स्वच्छ चादर अंथरून सगळ्या ओळीने मांडल्या : काराबिनिएरी शिपायांची दोन टोकांची, रानकोंबड्याच्या पिसांची, पहाडी पलटणीची. आता, पलंगावर टोपी म्हणजे मरणाला बोलावणं, तिथे ती ठेवतो तो शेवटच्या घटकेला आलेला डॉक्टर नाहीतर पाद्री, हे मला लहानपणापासून माहीत नाही का? माहीत आहे. पण त्या क्षणी वाटलं, या टोप्या नव्हेतच, हा संग्रह आहे. यात चुकलं कुठे ते मला अजून कळत नाही.

सासूबाई दारातच थबकल्या. म्हणाल्या, "एका म्हातारीला न्यायला एक टोपी पुरली असती. जावईबापूंनी पलटणच बोलावलीय." मग टोप्या सरकवून त्या आडव्या झाल्या (भूक शाबूत होती, दोन वाट्या सूप प्यायल्या) आणि वस्तू वाटायला लागल्या. कानातली फियोरेन्झाला, कोंबड्या शेजारणीला. आणि मला, दादा, वारलेल्या सासऱ्यांची टोपी. नगरपोलिसात असताना चौकात घालून शिट्टी फुंकायचे, ती पांढरी. लग्न झाल्यापासून मी ती मागत होतो आणि सासूबाई ती ट्रंकेत कुलूप लावून ठेवत होत्या. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

दिवेलागणीपर्यंत मरण काही आलं नाही, तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मेले नाही, तर टोपी परत." फियोरेन्झा म्हणते, देऊन टाक. मी म्हणतो, दिलेली वस्तू कोणी परत मागतं का? कोंबड्या कुठे मागितल्या? (मागितल्या. एक शिजली होती.) माझं डोकं पार फिरलं आहे. वडीलधारे म्हणून तुम्हीच न्याय करा.

आपला,
ओत्तोरीनो

ता. क. न्याय राहू द्या. सासरे केस कापायला तुमच्याकडेच येत. त्यांच्या डोक्याला कोणतं पोमेड लावायचात? एक डबी तातडीने पाठवा. त्याचं असं झालं, टोपी हातात येताच मी आतली पट्टी स्पिरिटने घासून लख्ख केली. संग्रह करणाऱ्याला ते करावंच लागतं. आता फियोरेन्झा सांगते, आई अधूनमधून ट्रंक उघडते ती त्या पट्टीचा वास घ्यायला.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला निघालो तेवढ्यात सासूबाईंनी टोपी मागितली. दिली. त्यांनी ती बराच वेळ नाकाशी धरली. मग माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "ठेवा आता तुम्हीच. छान स्वच्छ केलीत." टोपी माझी झाली, दादा, आणि घरात ती कुठे ठेवावी ते मला सुचत नाही. डबी पाठवाच.