मागच्या खोलीचा हक्क

मी अंबुबाई, भ्रतार कै. परशराम दिवटे, धंदा हातमाग, राहणार शहापूर, संस्थान सांगली. डोळे अधू झाले, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे.

१. राहते घर माझ्या विणकामाच्या कमाईचे आहे. ते माझा भाचा बसवंत यास द्यावे. त्याने मला मुलासारखे सांभाळले.

२. मात्र मागच्या खोलीत रंगारी हुसेनसाहेब व त्यांची बायको राहतात. त्यांना हयातभर तिथून कोणी उठवू नये. उठवल्यास घर आमच्या देवांग विणकर समाजाच्या देवळाकडे जावे.

पंजाबातल्या दंगलींच्या बातम्या आल्यापासून बसवंत म्हणतो, "आत्ती, दिवस बरे न्हाईत. त्यांना जायला सांग." म्हणून कारण लिहिते.

एकतीस साली एका व्यापाऱ्याने माझ्या मालकांना रेशमी माग बसवायला श्रीनगरला नेले. मीही गेले. आम्ही खतिजा नावाच्या विधवेकडे भाड्याने होतो. तिचा आजा शालींचा विणकर. ती मोडक्या हिंदुस्तानीत सांगे, की प्रत्येक शालीवर राजाचा कर असे. कर कमी करा म्हणून विणकर जमले, तेव्हा फौज अंगावर आली आणि कितीतरी जण कालव्यात बुडाले. तिच्या बापाला वेठीने ओझी वाहायला डोंगरात नेले, तो परतला नाही. राजा हिंदू, विणकर मुसलमान; तो राग घराघरांत साठत गेला. मीही विणकरीण, मला ते कळले.

त्या आषाढात तुरुंगासमोर जमलेल्या मुसलमानांवर राजाच्या शिपायांनी गोळीबार केला. खतिजाच्या पुतण्याचे प्रेत घरी आले. तोवर बाजारात हिंदूंची दुकाने फुटू लागली होती. जमाव आमच्या दारी आला, "परके हिंदू बाहेर काढ!" आम्ही आत माळ्यावर. खतिजा उंबऱ्यावर उभी राहिली. म्हणाली, "घरात मयत आहे, आरडू नका. ती दोघे माझ्या मयताला आलेली माणसे आहेत. त्यांना हात लावायचा तर आधी मला लावा." जमाव गेला. मग तिने पुतण्याजवळ बसून हंबरडा फोडला. तिच्यामुळे मालकांना पुढे नऊ वर्षे आयुष्य लाभले. त्या उपकाराला माझ्याजवळ शब्द नाहीत.

३. परत आल्यावर मुसलमानाघरी राहिलो म्हणून भाऊबंदांनी आम्हाला पंगतीतून उठवले. माझ्या तेराव्याला त्याच भाऊबंदांना पहिल्या पंगतीस बसवावे आणि पोटभर वाढावे.

४. दोन्ही माग शेजारच्या मालुबाईस. तिच्या हाताला माझ्यापेक्षा चांगला काठ येतो. हे तिला जिवंतपणी सांगितले नाही, आता सांगते.

हे सारे बसवंतास वाचून दाखवले. तो म्हणाला,

"आत्ती, हे तू कवाच का न्हाय सांगितलंस?"

"कोण इचारलं रं?"

तो उठून मागे जाऊन आला. म्हणाला, "हुसेनचाचांच्या दाराची कडी लई ढिली हाय. उद्या लोखंडाची बसवतो. आणि काही दिवस मी तिकडंच पडवीत झोपतो."

हेही लिहून घ्या म्हटले.

निशाणी अंगठा : अंबुबाई परशराम दिवटे

साक्षीदार : आण्णाप्पा हवळ, तम्मण्णा उपरे
हस्ताक्षर : मारुतीराव कुलकर्णी

मुक्काम शहापूर, ता. १९ सप्टेंबर १९४७