पंखाखालच्या ठोकळ्यांवरील बिल्ला नंबर ११४७ बाबत

दिनांक : २ डिसेंबर २०१९

प्रति,
मा. पात्रता अधिकारी,
गिरणी कामगार घरकुल कक्ष (परळ विभाग),
तिसरा मजला, मुंबई.

विषय : मोटारीच्या मागील पंखाखाली बिल्ला नंबर आढळल्यामुळे माझे वडील मोटारमालक ठरून घरकुलास अपात्र झाले, त्याबाबत.

संदर्भ : आपले अपात्रतेचे पत्र, दि. २१ ऑक्टोबर, आणि त्यावरील आमचे दोन खुलासे.

महोदय,

१. माझे वडील श्री. विठोबा घाडीगावकर, वय ७१, गिरणीच्या मेकॅनिक खात्यातील फिटर, बिल्ला नंबर ११४७, यांनी उभ्या आयुष्यात मोटार घेतलेली नाही, चालवलेली नाही आणि कोणाच्या खाजगी मोटारीत ते कधी बसलेलेही नाहीत, हे मी सत्यास स्मरून नमूद करतो. अपवाद एवढाच, की दसऱ्याच्या सकाळी ते विषयांकित मोटारीत बसून करी रोडहून लालबागपर्यंत जाऊन आले. पंख वाजतो का, ते ऐकायचे होते. वाजला नाही.

२. सदर मोटार लाल रंगाची, दोन दारांची, स्पोर्ट्स म्हणतात त्या जातीची असून आमच्या चाळीसमोरील टॉवरात एकेचाळिसाव्या मजल्यावर राहणारे श्री. हेमचंद्र यांची आहे. हा टॉवर वडिलांच्या गिरणीच्या साचेखात्याच्या, म्हणजे मागांच्या विभागाच्या, जागेवर उभा आहे. ब्याऐंशीच्या संपात बंद झालेले ते खाते पुन्हा उघडले ते पार्किंग म्हणून. मोटारीच्या डिकीवर आडवी फळी असते, तिला पंख म्हणतात. तो पंख आणखी साडेतीन इंच उंच करण्यासाठी त्याच्या दोन्ही पायांखाली जे दोन ठोकळे बसवतात, त्यांस रायझर म्हणतात. पंख उंच असला, की वेगात गाडीची मागची बाजू रस्ता सोडत नाही, असे हेमचंद्र यांनी समजावून सांगितले. आमच्या रस्त्यावर हा वेग ताशी नऊ किलोमीटर पडतो.

३. ठोकळे परदेशातून मागवलेले होते. त्यांचा तळ सपाट आणि डिकी किंचित गोल, त्यामुळे पंख एका अंगाला कलत होता. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले. तेव्हा टॉवरचे वॉचमन बुधाजी, जे पूर्वी वडिलांच्याच खात्यात होते, हेमचंद्र यांना म्हणाले, "समोर चाळीत जा. विठोबाला बसवता नाही आला तर मग गाडीच चुकीची समजा."

४. वडिलांनी रविवार दि. ६ ऑक्टोबर रोजी चाळीच्या पटांगणात काम हाती घेतले. डिकीचे आतले अस्तर काढून नट सोडवले, पंख मी आणि हेमचंद्र यांनी उचलून धरला, आणि वडील दोन तास कानशीने ठोकळ्यांचे तळ घासत बसले. त्या दोन तासांत हेमचंद्र यांनी चार वेळा "काका, झालं का?" विचारले. चारही वेळा वडिलांनी ठोकळा उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा घासायला घेतला. अखेर ठोकळे बसले, लांब बोल्ट आवळले, पाणी शिरू नये म्हणून कडेने सिलिकॉन भरले. ते वाळेपर्यंत गाडी हलवायची नव्हती. नट आवळण्यापूर्वी मात्र वडिलांनी ठोकळ्यांच्या मागच्या बाजूस पंच मारून ११४७ हा आकडा उमटवला. मेकॅनिक खात्याचा तसा नियमच होता. ज्याचे काम, त्याचा नंबर. मी "बाबा, ही गिरणी नाही" म्हटले. त्यावर, "माझ्या हातचा काम आसा. नंबर नाय मारलो तर उद्या सैल झाला म्हणजे लोक कोणाक इचारतले?" असे त्यांचे म्हणणे पडले.

५. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हाती असलेल्या कामाचीही हत्यारांबरोबर पूजा करायची, ही आमच्या घरची चाल. त्यानुसार शेगडा (काम घट्ट पकडून धरण्याचे लोखंडी हत्यार), पाने, कानशी यांच्यासोबत मोटारीलाही हळदकुंकू लागले आणि झेंडूचा हार नंबरप्लेटवरून खाली सोडला गेला. नेमके त्याच वेळी आपले निरीक्षक गृहभेटीस आले. माझ्या आई कालिंदी यांनी त्यांना पेढे दिले. त्यांनी "नवीन का?" असे विचारले. ते पेढ्यांबद्दलच विचारताहेत असे आईला वाटले, म्हणून ती "आजच सकाळचे" म्हणाली. निरीक्षकांनी दोन पेढे खाल्ले, मागून फोटो काढला आणि ते गेले. फोटोत प्लेट हाराखाली आहे. वाचता येणारा एकमेव आकडा ११४७ हाच असून, तोच आमच्या अर्जावर आहे.

६. पहिल्या खुलाशासोबत आम्ही हेमचंद्र यांच्या आरसी बुकाची झेरॉक्स आणि गाडीचा जुना फोटो जोडला. त्यातील पंख बुटका असल्याने ही ती गाडी नव्हे, असे आपण कळवलेत. म्हणून पंख उंच केल्याचे लेखी द्यावे, अशी विनंती मी हेमचंद्र यांना केली. ते म्हणाले, "भाऊ, लिहून नको ना, प्लीज. असं काही लावायला परमिशन नसते, नंतर लफडा होतो." दुसऱ्या खुलाशावर आपण, गाडी फोटोतल्याच स्थितीत कार्यालयासमोर हजर करावी, असे कळवलेत. तोवर टॉवरच्या यांत्रिक पार्किंगमध्ये उंच पंख अडकू लागल्याने हेमचंद्र यांनी ठोकळे काढून, पिशवीत घालून, आम्हांस परत आणून दिले होते.

७. नंबर मारल्याने मालकी ठरत असेल, तर त्या गिरणीत किमान तीनशे भागांवर ११४७ होता. तेव्हा वडिलांना कोणी मालक म्हटले नाही, गेटबाहेरच ठेवले. घर मिळाले तर वडिलांना घरातल्या घरात शेगडा मांडता येईल, एवढीच त्यांची हौस आहे. वीस वर्षे तो जिन्याखाली आहे. आपले अपात्रतेचे पत्र मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे, सैल झाला काय?"

८. सबब, नंबर हा कारागिराचा असतो, मालकाचा नसतो, एवढी नोंद घेऊन वडिलांचे नाव सोडतीत समाविष्ट करावे. पुरावा म्हणून मूळ ठोकळाच सादर करीत आहे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत, वडिलांच्या वतीने,
आपला नम्र,
रमाकांत विठोबा घाडीगावकर, बी.कॉम.
करी रोड

सोबत :
१) गिरणीचा बिल्ला, झेरॉक्स (दोन्ही बाजू).
२) ठोकळा, एक नग, नंबरसह. दुसरा आमच्या कपाटाच्या पायाखाली आहे. हाही तेथूनच काढून आणला आहे.

ता.क. (हस्तलिखित) : आवक खिडकीवर चौकशी केली असता सोडत २९ नोव्हेंबर रोजीच झाल्याचे समजले. अर्ज ठेवून जात आहे. ठोकळा परत नेत आहे, कपाट हलते.