जावयाचा बाक

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता निदान अर्धा जिना तरी चढू देत असेल, अशी आशा आहे. इथे सगळे ठीक आहेत. (मी सोडून. पण माझं तुला ठाऊकच आहे.) न्हाणीघरातला दिवा लुकलुकतो असं तू लिहिलंस, तेव्हापासून माझं जेवणावरून मन उडालं आहे. त्याला हात लावू नकोस. शिकलेल्या वायरमनलाच बोलाव, आणि त्याचं काम होईपर्यंत दुसऱ्या खोलीत बस.

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. जावईबापूंचा छापखाना महिनाअखेरीस बंद होतोय. वीस वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढणारा हा माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी म्हणतो, मी आता वायरमन होणार. आमची लेक म्हणते, होऊ देत की. आणि मी? अगं, मी आजही रबरी चपला घातल्याशिवाय दिव्याचं बटण दाबत नाही. चाळीस वर्षं शिलाईचं मशीन पायाने चालवलं, पण दुकानात विजेची मोटर शिरू दिली नाही.

छापखान्यात शेवटच्या महिन्याचं काम तुंबलेलं, जावईबापूंना दिवेलागणीपर्यंत सुटका नाही. त्यामुळे तीन ठिकाणच्या कोर्सची चौकशी माझ्या गळ्यात आली. जाताना ते मला म्हणाले, "बाबा, फक्त माहिती आणा. मत आणू नका." मी मान डोलावली, पण मनात पक्कं होतं की तिन्हींत खोट काढायची. कोर्सच ठरला नाही तर हा माणूस गुपचूप एखादी खुर्चीवरची नोकरी शोधेल आणि माझी लेक सुखरूप राहील.

पहिल्या ठिकाणी खोट काढायला कष्टच पडले नाहीत. गारेगार खोली, पाय बुडेल असा गालिचा. तिथली मुलगी म्हणाली की तीन शनिवार-रविवारांत माणूस तयार होतो. मला नुसतं काज करायला शिकायला सहा महिने लागले होते! वायरी कुठे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणे, सगळं पडद्यावर दाखवतो, काका. सर्टिफिकेटला मात्र सोनेरी कडा. (अस्तर फार चकाकलं की वरचं कापड हलकं असतं, हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही, तुला सांगतो.)

दुसरीकडे दोन वर्षांचा कोर्स, आणि वयाची अट पंचवीस. कारकुनाने चष्म्यावरून मला नखशिखांत न्याहाळलं. मी घाईघाईने म्हटलं, माझ्यासाठी नाही, जावयासाठी. त्यांचं वय? त्रेचाळीस. तो फॉर्म परत खणात ठेवत म्हणाला, "त्यांना मुलगा आहे का?"

तिसरी जागा लाकडाच्या वखारीमागे, पत्र्याच्या दोन खोल्या. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी संध्याकाळचा सहा महिन्यांचा वर्ग. शिकणारे सगळे अर्धे केस पिकलेले. एक बसचालक, एक परिचारिका, एक बेकरीवाला. मास्तरीणबाईंनी केसांत टेस्टर खोचलेला. माझं पुरतं बोलणं न ऐकताच त्यांनी माझ्या हातात वायर दिली. "विचारणारे रोज येतात. आधी ही सोला." आता अक्का, चाळीस वर्षं मी कापडाला धक्का न लावता शिवणी उसवल्या आहेत. मी सोलली. बाईंनी ती उजेडात धरून फिरवली आणि म्हणाल्या, "तांब्यावर ओरखडासुद्धा नाही." चाळीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. बाही लांब झाली, एवढंच म्हणायचे.

एकच बाक उरला होता. खोट सापडेना आणि कौतुकाने हुरळलो होतो, त्या भरात मी फॉर्म भरला. भरताना मात्र घोटाळा झाला. आमच्या दुकानात माप कोणाचंही असो, वहीत नाव लिहायचं ते कापड घेऊन येणाऱ्याचं, कारण न्यायला तोच येतो. त्या सवयीने मी नावाच्या जागी माझं नाव लिहिलं आणि बाकी सगळं माप जावईबापूंचं. बाई फॉर्म वाचून माझ्याकडे बघत राहिल्या. "त्रेचाळीस? फार काळजी करता वाटतं."

पहिल्या आठवड्यात गैरहजर राहिलं की बाक दुसऱ्याला जातो. नाव माझं, म्हणून केवळ जागा राखायला मी चार संध्याकाळी तिथे बसलो. घरी सांगितलं, फिरायला जातो. काल त्या फॉर्मची पावती जावईबापूंच्या हाती लागली. वीस वर्षांची नजर ती! त्यांनी विचारलं, "बाबा, यात नाव चुकलंय की वय?" मी सगळं सांगितलं. लेक हसून हसून लाल झाली. ते हसले नाहीत. पावती हातात धरून हळूच म्हणाले, "म्हणजे जागा आहे ना?" तेव्हा मला कळलं, की हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला आहे. आणि मी त्याच्या कोर्समध्ये खोट काढायला निघालो होतो!

सोमवारी बाकावर त्यांचं नाव लागेल, माझं निघेल. मी सुटलो. आता घरी बसून निवांत काळजी करीन. प्रकृतीला जप.

तुझा भाऊ

ता. क. बाई म्हणतात, एका बाकावर दोघे बसले तरी चालतं. एकाने वायर धरायची, दुसऱ्याने जोडायची. मी आपलं तुझ्या कानावर घातलं.

ता. क. तू जावईबापूंना तुझ्या त्या दरडावणाऱ्या अक्षरात एक पत्र लिही. या वयात माणसाने विजेच्या कामात एकट्याने शिरू नये, घरातलं कोणी वडीलधारं शेजारी बसलेलं असावं, असं. माझं नाव येऊ देऊ नकोस. सोमवारच्या आत पोचेल असं बघ.

ता. क. दिव्यासाठी कोणालाही बोलावू नकोस. होल्डरचा धडा बुधवारी आहे. तोवर मेणबत्ती लाव.