एकदाच प्रवेश

दादास,

मी घर सोडून लग्न केलं तेव्हापासून तू मला नावानं हाक मारलेली नाहीस, म्हणून खुशाली विचारत नाही.

तू आणि वहिनींनी जहाजाची सफर घेतलीत ती मी काम करते त्याच पर्यटन कचेरीतून. माझं सासरचं आडनाव तुला कुठे ठाऊक असणार? काल तुमची फाइल तपासायला माझ्याच टेबलावर आली.

तुझा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. जहाज मध्ये दोन दिवस शेजारच्या देशात जाऊन, निघालं त्याच बंदरात परत येतं, आणि परत येणं हा दुसरा प्रवेश धरतात. हे जहाजात चढण्याआधीच तपासतात. आमच्या साहेबांनी फोनवर विषय काढला, तर तू म्हणालास, "मी मध्ये उतरणारच नाही. मला शिकवू नका." त्यांनी नाद सोडला. वहिनींचा व्हिसा बरोबर आहे. तो त्यांनी स्वतः काढला.

निघायला अजून तीन आठवडे आहेत. नवा अर्ज केलास तर सहज होईल.

बाबा गेले तेव्हा तू दार अडवून मला म्हणालास, "एकदा बाहेर पडलीस, आता आत यायचं नाही." मी तासभर जिन्यात उभी होते. एकट्या वहिनी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या.

बंदरावरचा अधिकारी तुला तेच सांगेल, फक्त अदबीनं. वहिनींना जहाजावर जाऊ दे. त्यांनी पाणी विचारलं, तर नाही म्हणू नकोस. उभं राहून घसा फार कोरडा पडतो.

हे पत्र माझ्या टेबलाच्या खणातच राहील.

जिन्यातली,
तुझी धाकटी